पाठीवर हात ठेवून

नाशिक, ८ ऑगस्ट

सविता ताई,

'प्रिय' लिहिलेलं नाही. मुद्दामच.

पत्ता चतुराबाईंनी दिला. आधी "मला काय म्हाईत" म्हणाल्या. मग वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता हळूच तुमच्या इगतपुरीच्या शाळेचं नाव सांगितलं. म्हणजे तुम्ही कुठे गेलात हे स्वयंपाकवाल्या बाईंना माहीत होतं आणि टीमच्या कॅप्टनला नाही. मी हे लक्षात ठेवलंय.

तुमचा नवा नंबरही मिळाला असता. पण योगेश सर, म्हणजे तुमच्या जागी आलेले नवीन कोच, सरावाआधी सगळ्यांचे फोन एका पेटीत ठेवून घेतात. पेटीला कुलूप नाही. ते आमचे मेसेज वाचतात असं मी म्हणत नाही. वाचत नाहीत असंही म्हणत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टाच्या तिकिटाला कसलं पाणी लावायचं हेसुद्धा मला पप्पांना विचारावं लागलं आणि त्यावर त्यांनी दुकानात गिऱ्हाइकांसमोर माझी पुरती खिल्ली उडवली.

सर वाईट नाहीत, आधीच सांगते. सगळ्यांना नवे बूट आणले. आमच्या धावण्याचा व्हिडिओ काढून दाखवतात. फक्त त्यांनी पहिल्याच आठवड्यात आपला शनिवार बंद केला. "पाठीवरचं बोलणं? हा काय कीर्तनाचा कार्यक्रम आहे का?" म्हणाले. मी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. आम्ही खो-खोच्या रांगेत बसतो, एक या बाजूला तोंड करून, दुसरी त्या बाजूला. जी उभी असते तिने कुणाच्याही मागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि तिच्याबद्दल जे मागे बोलली असती ते तिथेच बोलायचं. बसलेलीने वळायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. बोलून झालं की खो. मग ती उठते आणि दुसरीच्या पाठीशी जाते. सर हसले. म्हणाले, तक्रार असेल तर माझ्याकडे आणा, मी बसलोय ना.

तुम्ही का गेलात? कुणी म्हणतं पगार जास्त मिळाला. कुणी म्हणतं क्लब चालवणाऱ्या मंडळाच्या लोकांना फक्त पहिला नंबर हवा होता. मला यातलं काहीच पटत नाही. निरोप न घेता माणूस जातो तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंच.

स्नेहल

नाशिक, १४ सप्टेंबर

सविता ताई,

उत्तर आलं नाही. तिकडच्या पावसात पोस्टमन वाहून गेला असेल असं धरून चालते.

आता सरांची नवी पद्धत ऐका. सराव संपला की रोज एकीला 'पाच मिनिटं' खोलीत बोलावतात. भलतं काही मनात आणू नका. दार सताड उघडं असतं आणि समोरच्या ओट्यावर चतुराबाई भाजी निवडत बसलेल्या असतात. तसलं काही नाही. पण आत काय बोलणं झालं ते कुणीच बाहेर येऊन सांगत नाही. राखीसुद्धा नाही. राखी आणि मी बालवाडीपासून एकमेकींच्या डब्यातलं खातो. तिला विचारलं तर म्हणाली, "काही नाय गं, खाण्यापिण्याचं विचारत होते." आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती.

मलाही बोलावलं होतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही. सर म्हणाले, "स्नेहल, हे फक्त तुला सांगतोय. बाकीच्यांवर माझा एवढा भरवसा नाही. तुझे डोळे म्हणजे माझे डोळे." खरं सांगू, मला बरं वाटलं. तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत. त्यांनी विचारलं की सरावात कोण कामचुकारपणा करतं, कोणाचं लक्ष नाही. कॅप्टन म्हणून जेवढं सांगायचं तेवढं मी सांगितलं. ती चुगली नव्हे. चुगली वेगळी असते.

पण टीममध्ये कुणीतरी खरंच चुगलखोर आहे. मी सरांना 'शिट्टीराम' म्हटलं होतं, नळावर, फक्त तीन-चार जणी असताना. दुसऱ्या दिवशी सर हसत हसत म्हणाले, "चला, शिट्टीराम आला, रांग लावा." माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. नळावर राखी होती आणि तुळसा होती, बाकीच्या दोघी तर तोंडातून शब्द काढत नाहीत.

राखी असं करणार नाही. मग तुळसाच. तुम्हाला तुळसाबद्दल वाईट ऐकायला आवडणार नाही, माहीत आहे. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून तुम्हीच तिला आणलंत, तिच्या वडिलांपुढे तुम्ही स्वतः जाऊन बसलात. पण जरा विचार करा. तिचं वसतिगृह, शाळा, जेवण, सगळं टीममध्ये असण्यावर आहे. टीममधून गेली की दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलायची. अशा मुलीला सरांच्या मर्जीत राहावंच लागणार. मी तिला दोष देत नाही. फक्त सावध राहते.

एक गोष्ट अजून. मी हा क्लब सोडून पंचवटीतल्या क्लबात जायचा विचार करतेय. हे मी जगात कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला.

स्नेहल

नाशिक, २० ऑक्टोबर

सविता ताई,

नामपूरच्या स्पर्धेत आम्ही हरलो. हरलो हे ठीक आहे, तुमच्या वेळीही हरायचो आणि येताना गाडीत गाणी म्हणायचो. यावेळी सगळ्या खिडकीबाहेर बघत आल्या. बाहेर कांद्याच्या ट्रॉल्या सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

कशा हरलो ते ऐका. रांगेत बसलेल्या मुली मागे वळून बघतात. तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? मागून येणारीवर सोडून द्यायचं, आपण समोर बघायचं. आता प्रत्येकीला वाटतं की मागची आपल्याला खो देणारच नाही, आपल्याला टाळून पुढे जाईल. म्हणून मान वळते. कुणी हात पडायच्या आधीच उठते. खो न मिळता उठली की फाउल, आणि तेवढ्यात धावणारी पार दुसऱ्या टोकाला. समोरची टीम आम्हाला हसत होती. त्यांच्या कोच बाई आमच्या सरांना म्हणाल्या, "तुमच्या पोरींना मानेचा काही त्रास आहे का हो?"

मीही तुळसाला खो दिला नाही. दोनदा ती अगदी जवळ होती. तिला दिला असता तर गडी हमखास बाद होता. पण तिच्या पाठीकडे बघितलं आणि हात उचललाच नाही. सामना संपल्यावर ती नळावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं आता भांडेल. तर म्हणते, "स्नेहल, मी दोन दिस घरी जाते. आईचा हात कापलाय, भात उभाय शेतात. सरांना सांगीन, मला ताप आला. तू बोलू नको कुठं." एवढंच. ती मला का सांगते? मुद्दाम परीक्षा घेतेय का? गुपित देऊन बघतेय का की मी कुठे पोचवते?

आता मुख्य गोष्ट. काल सर मला म्हणाले, "पंचवटीचं मैदान लांब पडेल बघ तुला." हे मी फक्त तुम्हाला लिहिलं होतं.

ताई, मला खरं खरं सांगा. तुमची आणि सरांची आधीपासून ओळख आहे का? तुम्ही उत्तर देत नाही, पण माझी पत्रं वाचता हे मला पक्कं ठाऊक आहे. मग ती अजून कुणी वाचतं का? तसं असेल तर हे पत्रही त्यांना दाखवा. सर, नमस्कार. तुमची शिट्टी फार कर्कश आहे.

स्नेहल

नाशिक, १६ नोव्हेंबर

सविता ताई,

तुळसा गेली.

सरांना कळलं की तिला ताप नव्हता. ती भात कापायला गेली होती हे कळलं. त्यांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला माझ्या टीममध्ये जागा नाही." तिने एकदासुद्धा मान वर केली नाही. आठवडाभरात वसतिगृहाची चिठ्ठी तिच्या घरी गेली आणि तिचे वडील, गोटीरामकाका, तिला न्यायला आले. काकांनी ट्रंक डोक्यावर घेतली. तिने सरांनी दिलेले बूट चतुराबाईंच्या हातात ठेवले आणि चपला घालून निघाली. जाताना आमच्याकडे बघितलं नाही. म्हणजे वळलीच नाही.

तुम्ही विचाराल, सरांना कुणी सांगितलं. विचारणार नाही म्हणा, तुम्ही काहीच विचारत नाही. पण मी रात्रंदिवस त्याच विचारात आहे. सरांनी मला विचारलं होतं, "तुळसा कुठे आहे?" मी म्हटलं, घरी आहे. "ताप आहे ना?" मी खाली बुटांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "स्नेहल, मी तुझ्यावर अवलंबून आहे." आणि मी म्हटलं की तिच्याकडे कापणी चालू आहे. इतकंच. तिला काढा असं मी म्हटलं का? नाही. विचारलं म्हणून सांगितलं. टीमचा कॅप्टन कोचशी खोटं बोलणार का?

हे सगळं लिहिताना माझं मलाच पटत नाहीये, ताई. पण पत्र फाडणार नाही.

चतुराबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सरावानंतर आम्हाला भात वाढताना डाव भांड्यावर आपटतात.

स्नेहल

नाशिक, ३० नोव्हेंबर

सविता ताई,

आज खूप लिहायचंय.

गेल्या बुधवारी क्लासनंतर मी आणि राखी द्वारका चौकात रिक्षाची वाट बघत होतो. तिथला कलकलाट तुम्हाला माहीत आहे, शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणूनच बहुतेक राखीला धीर आला. म्हणाली, "स्नेहल, पंचवटीचं मीच सांगितलं सरांना."

मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणे, "तूच नाय का बोललीस गणपतीत, आमच्या झोपाळ्यावर?" मी बोलले होते, ताई. साफ विसरले होते, आणि तुमच्यावर आळ घेतला. एवढं होऊनही तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं तर ती रडायलाच लागली. "सर म्हणाले, कॅप्टनचं टेन्शन वाढलंय, तू तिची मैत्रीण, लक्ष ठेव. म्हणाले, राखी, हे फक्त तुला सांगतोय. बाकीच्यांवर माझा एवढा भरवसा नाही."

मी तिला थांबवलं आणि पुढचं वाक्य मी म्हटलं. "तुझे डोळे म्हणजे माझे डोळे."

राखी रडायची थांबली. रिक्षावाला "बसायचं का नाय, मॅडम?" विचारत होता. आम्ही दोघी त्याच्याकडे वेड्यासारख्या बघत होतो.

काल शनिवार होता. सर मंडळाच्या मीटिंगला गेले होते. मी सगळ्यांना रांगेत बसवलं. तुळसाचा चौरस रिकामा ठेवला, तिथे कुणाला बसू दिलं नाही. आधी मीच उभी राहिले. राखीच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलायचं ते सगळं ठरवून आले होते, पण तोंडातून वेगळंच निघालं. म्हटलं, "मी तुळसाचं सरांना सांगितलं. ती खोटं बोलली म्हणून नाही. ती चुगली करते असं मला वाटत होतं म्हणून. आणि मला कॅप्टन म्हणून बरं वाटत होतं. खो."

राखी उठली. मग एकेक जण. ताई, प्रत्येकीच्या तोंडी तेच वाक्य होतं. 'फक्त तुला.' प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच सरांच्या विश्वासातली, आणि बाकी सगळ्या आपल्या मागे काहीतरी शिजवतायत. त्या तोंडातून शब्द न काढणाऱ्या दोघी, त्यांनीच तर शिट्टीराम पोचवला होता! दोघींनी, वेगवेगळा, एकाच दिवशी. हसू आलं आणि रडूही. तुळसाने कुणाबद्दल काय सांगितलं ते कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी तिच्यासमोर कितीदा आमची नावं काढली असतील, पण तिचं एकही वाक्य कुणापर्यंत पोचलेलं नव्हतं.

मध्येच सर आले. मीटिंग लवकर संपली असणार. पोलजवळ उभे राहिले आणि शिट्टी वाजवली. कुणी उठलं नाही. पुन्हा वाजवली. कुणी मानही वळवली नाही. किती महिन्यांनी आमच्या माना सरळ होत्या!

"काय चाललंय हे?" सर म्हणाले. मग आवाज बदलून, "माझ्याबद्दल कोण काय बोललं?"

तेव्हा पुन्हा राखीची उभं राहायची पाळी होती. आपली राखी, जिला वर्गात हजेरीला 'यस' म्हणतानाही घाम फुटतो. ती पोलला वळसा घालून सरांच्या मागे गेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सर, तुम्ही सगळ्यांनाच 'फक्त तुला' म्हणालात. म्हणून आम्ही मागे बघायला लागलो." खो म्हणाली नाही. हात काढून जागेवर येऊन बसली.

सर म्हणाले, "मला वाटलं शिस्त अशीच लागते. आमच्या कोचने आम्हाला असंच घडवलं." मग निघून गेले. आज पेटी नव्हती, फोन आमचे आमच्याकडे होते. आणि चतुराबाई सांगत होत्या की वसतिगृहातल्या मॅडमना सरांनी स्वतः फोन केला, तुळसाची जागा संक्रांतीपर्यंत ठेवा म्हणून.

सरांवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. पण त्यांच्यावरचा संशयही आता आधीसारखा गोड लागत नाही.

स्नेहल

नाशिक, १४ डिसेंबर

प्रिय ताई,

गोटीरामकाकांचं सगळं घर आता दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला आलंय. मी आणि राखी तिथे गेलो होतो. तुळसा मांडवाखाली उभी होती, हात वर करून घडांची विरळणी करत होती. कात्री भराभर चालत होती. पाठ आमच्याकडे.

मी हाक मारली नाही. जाऊन पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं. सगळं. भाताचं, नामपूरचं, खो न दिलेल्या हाताचं. तिची कात्री थांबली, पण ती वळली नाही. बोलून झाल्यावर मला खो म्हणताच येईना.

शेवटी तीच म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. तू नळावर माझ्याकडं बघतच नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हनलं. शनवारी बोलतोच ना आपण."

मी तिथेच मातीत बसले आणि मोठमोठ्याने रडले. बागवाल्याने येऊन विचारलं, कुणाला काही चावलं का.

तुळसाला यायचंय. बूट आम्ही नेले होते, तिने पिशवीत हात घालून ते चाचपून बघितले, घातले नाहीत. काका तयार नाहीत. म्हणाले, "पोर ताईंच्या शब्दावर दिली व्हती. सर कोन, मला नाय ठाव. एकदा ट्रंक डोक्यावर घिऊन आलो, लोकांनी बघितलं. आता ताईंनी येऊन बोलावं. मग बघू." संक्रांतीनंतर ते बागांच्या कामाला आणखी पुढे जाणार आहेत. तुळसा बरोबर जाईल. तिकडे शाळा नाही, मैदान नाही. मामाच्या मुलाचं स्थळही घरात बोललं जातंय, हे तिने निघताना हळूच सांगितलं. सतरावं आत्ता लागलंय तिला.

आणि ताई, परत आल्यावर मी चतुराबाईंना विचारलं, तुम्ही खरंच न सांगता गेलात का. त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. म्हणाल्या, "आल्या व्हत्या की. नवीन सर तुमची परीक्षा घेत व्हते. पोलापाशी उभ्या राह्यल्या कितीतरी वेळ. तुम्ही कुनी बघितलंच नाय. मग डोळे पुसले आन गेल्या."

रांगेत बसलेल्यांची तोंडं या बाजूला नाहीतर त्या बाजूला. पोलकडे कुणाचंच नसतं. आणि मागे वळायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं. आम्ही शहाण्या मुलींसारख्या समोर बघत राहिलो आणि तुम्ही गेलात. त्या दिवशी आमच्यातली एक जरी चुकली असती, एकीने जरी मान वळवली असती!

तुम्ही पत्रांना उत्तर देत नाही म्हणून मी तुमच्याबद्दल काय काय कल्पना केल्या ते तुमच्याकडे लेखी आहेच. पुन्हा लिहीत नाही. पण आता एक आठवलं. मी हे सगळं तुमच्या पाठीशीच बोलत होते ना? बसलेलीने वळायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. तुम्ही नियम मोडला नाहीत. हात पडला आणि शब्द कानावर आला की मात्र उठायचं, तेही नियमातच आहे.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळ्या दिंडोरीच्या बसथांब्यावर असू. काका दुपारी जेवायला मांडवाखाली येतात.

ताई, हा माझा हात तुमच्या पाठीवर आहे.

खो.

स्नेहल